दहा फुटी संत आणि फादरांचा नळ

आमच्या काकाने वीस वर्षं चर्चच्या खिडक्यांतल्या फुटक्या काचा बदलल्या. खिडक्या दुसऱ्यांच्या, फुटकं तेवढं काकाचं. यंदा पहिल्यांदाच अख्खी खिडकी त्याच्या वाट्याला आली. आधी कागदावर संतांचं चित्र काढायचं, खिडकीच्याच मापाचं, रंगीत काचेचा तुकडा न्‌ तुकडा आखून. ते फादरांना पसंत पडलं तरच काच कापायची. नाहीतर आहेच पुन्हा फुटकं.

दहा फुटी कागद बैठकीत मावेना. त्यामुळे संतांचं डोकं सोफ्यापाशी आणि पाय स्वयंपाकघरात होते. काकू त्यांच्या पोटावरून उडी मारून ये-जा करायची.

फादर आले, बूट काढून कडेकडेने चेहऱ्यापर्यंत गेले आणि थबकले.

"हा प्लंबर आहे."

"संतच आहेत, फादर. चेहरा तेवढा प्लंबरचा. समोर बसवला की तासन्‌तास जागचा हलत नाही हो!" काका म्हणाला.

"ते मला सांगताय? तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणतोय. माझ्या बाथरूममध्ये गळक्या नळाखाली बादल्या, आणि याच्या डोक्यामागे तेजोवलय?"

"बदलतो की. ठिगळ लावलं की झालं."

घरात जागचा न हलणारा दुसरा माणूस मी. काकाने माझा चेहरा काढून वर चिकटवला. फादरांनी निरखून पाहिलं.

"प्लंबरच बरा."

मी मनाला लावून घेतलं नाही. ठिगळ मीच सोलून काढलं.

तोवर काकूने प्लंबरला फोन लावला होता. "दादा, तुमचं दहा फुटी चित्र काढलंय, बघून जा." सात मिनिटांत स्वारी हजर.

"माझे कान एवढे मोठे आहेत?"

"खिडकी उंच आहे," काका म्हणाला. "खालून बेतात दिसतील."

फादर शांतपणे म्हणाले, "ही खिडकी शंभर वर्षं टिकेल. येईल त्याला मी बोट दाखवून सांगणार, हेच ते, नळाला हात न लावणारे."

प्लंबरने पिशवीतून पाना काढला. "चला, फादर."

"आत्ता?"

"मग काय! शंभर वर्षं लोकांची बोलणी कोण खाणार?"

पाऊण तासाने फादर ओल्या बाह्यांनी परत आले, गुडघे टेकून खाली बसले आणि कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली.

काकाने त्या सहीवर फुंकर मारली. मग आणखी एकदा मारली. काकूने लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला "अहो कलावंत" अशी हाक मारली. तिचं पुढचं वाक्य "उचला आता हा पसारा" असं होतं, पण तेवढं काकाने ऐकलंच नाही.