थोडीशी म्हणजे किती?

दारू घेणाऱ्या माणसाला "किती घेता?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "थोडीशी." यकृताच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका विभागाला या उत्तराचा इतका वीट आला होता, की रुग्ण सांगेल त्याच्या दुप्पट धरायची असा नियमच पडून गेला होता. तो पाडला होता तिथल्याच एका प्राध्यापकांनी. अर्धं आयुष्य त्यांनी हाच विषय उगाळला होता आणि आता ते थकले होते.

संध्याकाळी घरी आले, की बूट काढायच्या आधी त्यांना पेला लागे. धाकटी लेक धावत जाऊन बर्फ आणी. बायको आधी आधी सुनावायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" पुढचे कोरडे पाषाण तिने हल्ली सोडून दिले होते. बोलून बोलून माणूस दमतोच की.

"अगं, शीण जातो. थोडीशी तर घेतो," प्राध्यापक म्हणत.

नव्या अभ्यासात रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसं हवी होती, दारू न पिणारी किंवा क्वचित घेणारी. अशी माणसं मिळेनाशी झाली, की विभागातल्यांनीच तपासणीच्या टेबलावर आडवं व्हायचं, ही तिथली रीत. प्राध्यापक बिनदिक्कत निरोगी गटात शिरले. आपलं पिणं हेही पिणंच, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही!

तपासणाऱ्या मुलीने त्यांच्या बरगडीपाशी यंत्र टेकवलं. यकृत किती कडक झालंय, ते या यंत्रावर कळतं. आकडा निरोगी माणसापेक्षा बराच मोठा आला. पुन्हा टेकवलं, आकडा तेवढाच.

"यंत्र बिघडलंय," प्राध्यापक म्हणाले.

विभागप्रमुख बाई आल्या. त्यांनी स्वतः आडवं होऊन तपासून घेतलं. यंत्र ठणठणीत होतं. मग त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं.

"बाई, माझा आकडा गाळून टाका. बोभाटा नको."

"आकडा गाळते हो. यकृताचं काय करता?"

"पण मला काही होत नाही! कधी तोल गेला नाही, कामाला दांडी नाही."

"हे किती रुग्णांच्या तोंडून ऐकलंत? यकृत लवकर बोंब मारत नाही, मारतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. माझं नाही, तुमच्याच व्याख्यानातलं वाक्य आहे." बाई खुर्चीत टेकल्या. "दमलात, दिसतंय मला. मीही दमलेय. पण दारूने शीण जात नाही, नुसता कळेनासा होतो. अजून वेळ गेलेली नाही. आता सोडलीत तर यकृत बरंचसं सावरेल. मात्र एकट्याने शूरपणा नको, रोज घेणाऱ्याने एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. उद्या या, रुग्ण म्हणून."

प्राध्यापक घरी आले. लेक बर्फ घेऊन दारातच उभी होती.

"बाबा, आज खूप दमलात ना? मोठा पेला आणू?"

बाप दमला की पेला मोठा, हे पोरीला पाठ झालं होतं!

"ठेव तो बर्फ, बाळा. हे काम तुझं नाही. यापुढे कधीच आणायचा नाही."

मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "मीही येते उद्या," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाकावरचे रुग्ण सरकले आणि दोघांना जागा झाली. आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "किती घेता?"

"थोडी..." शब्द जिभेवर आलाच. बायकोने नुसतं पाहिलं.

"रोज घेतो," प्राध्यापक म्हणाले, आणि पेल्यांसकट सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाले, "बाई, आज दुप्पट करू नका. खरं सांगतोय."

मित्रहो, आजाराची सारी माहिती असलेला माणूसही स्वतःपुरता अडाणी राहू शकतो. तुमची 'थोडीशी' म्हणजे किती, हे एकदा घरच्यांसमोर मोठ्याने सांगून पाहा. जीभ अडखळली, तर लाजू नका, दवाखाना गाठा. बाकावर सरकून जागा देणारी माणसं तिथे आहेत.