हिरव्या झालेल्या नळ्या

आष्ट्याच्या चावडीपुढं तोबा गर्दी. चौऱ्याहत्तर साल, आणि नळीबाबा नावाचा अवतार गावात उतरलेला. त्याच्या काचेच्या नळीत केशरी खडे असत. नवऱ्यानं फुंकायचं, मनात परस्त्री असली की खडे हिरवे. "मी न्हाई, खडं बोलत्यात," एवढं बोलून बाबा डोळे मिटायचा आणि नारळ मोजून घ्यायचा.

राहीबाईचा जीव आधीच जळत होता. दोन वर्षांपूर्वी पलटणीतून निवृत्त झालेला तिचा नवरा लालासाहेब दर रविवारी बनुबाईच्या ओसरीवर जाऊन बसे. बनुबाई म्हणजे लढाईत पडलेल्या त्याच्या दोस्ताची विधवा. तिचे सरकारी अर्ज लिहितो, असं तो सांगे. तिचं नुसतं नाव निघालं तरी राहीबाईच्या अंगाचा तिळपापड होई. आजही तो कॅन्टीनच्या रमचा पेला रिचवून तिकडंच निघालेला. राहीबाईनं त्याला वाटेतून ओढत आणलं. त्यानं फुंकलं आणि खडे हिरवे झाले.

"सात सोमवार अंगारा घे, बाई. न्हाईतर सवत घरात ईल," बाबा म्हणाला.

"सात सोमवार कशाला? आजच म्हायेरी जाते," राहीबाई म्हणाली. "पर आदी माजं मन बगू द्या ह्यास्नी."

तिनं नवी नळी हिसकून फुंकली. तीही हिरवी.

गर्दीत खसखस पिकली. राहीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या पुरुषाकडं तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

कन्याशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या चारुशीलाबाई पुढं आल्या. "राहीबाई, निघताना काय घेतलंत?"

"अशक्तपणावरचं द्राक्षासव. दोन चमचे."

लालासाहेबानं घरून बाटली आणली. चारुशीलाबाईंनी कोऱ्या नळीत चार थेंब टाकले. खडे हिरवे.

"आता या बाटलीच्या मनात कोण परका पुरुष आहे?" त्यांनी विचारलं. "हे पोटॅशियम डायक्रोमेट आहे, आम्ल लावलेलं. आमच्या प्रयोगशाळेतही आहे. ते अल्कोहोलला आपला ऑक्सिजन देतं. अल्कोहोलचं शिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, आम्ल होतं, आणि केशरी खडे हिरवे पडतात. आसव आंबवूनच करतात, त्यातही अल्कोहोल असतं. श्वासात दारू आहे का, एवढंच नळीला कळतं."

"व्हय की," गर्दीतली धोंडुबाई म्हणाली. "आमच्या माळकऱ्याची केशरीच ऱ्हायली. हिरव्या झाल्या त्या समद्या पलटणवाल्यांच्या."

बाबा नारळ टाकून एसटी स्टँडकडं निघाला.

"संशय असेल तर माणसाला विचारा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "काच काय सांगणार?"

वाटेत राहीबाईनं विचारलं, "आवं, तिथं का बसता?"

लालासाहेब म्हणाला, "तिचा धनी माज्या मांडीवर गेला. तिच्यासाठी निरोप दिला त्यानं. दर ऐतवारी सांगायलाच जातो, पेला घिऊन. त्वांड उघडत न्हाई, मग अर्ज लिवत बसतो."

दोन वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"चला," राहीबाई म्हणाली आणि बनुबाईच्या घराकडं वळली. "आज मी संगं हाय."