नाव कागदाच्या पोटात

मूर्ती ओतायचा साचा वेगळा आणि मी वेगळा. मी कागद उचलायचा साचा. सागवानी चौकट आणि तिच्यात बारीक गवतकाड्यांची जाळी, एवढाच माझा देह. निजामाचं राज्य जाऊन पाचेक वर्षं झाली तेव्हा सेलूत एका बंद जिनिंगच्या गोदामात हातकागदाचं केंद्र निघालं. त्या केंद्रासाठी गावच्याच सुतारानं मला घडवलं.

केंद्राचे अध्यक्ष व्यंकटराव. केंद्र चालवायची मात्र कासाबाई. ही मेंढरांमागं हिंडलेली, एकटी बाई. औरंगाबादेकडून आलेल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून ती काम शिकली. उस्ताद परत गेले आणि सगळा भार तिच्यावर आला. चिंध्या आणि जिनिंगमधला वाया गेलेला कापूस चुन्यात भिजवायचा, कुटायचा, तो लगदा हौदात कालवायचा. मग मला दोन्ही हातांनी धरून तिरपं बुडवायचं आणि सपाट वर घ्यायचं. पाणी निथळलं की माझ्या जाळीवर ओला ताव उरायचा. चुन्यानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या. त्या भेगा मी रोज जवळून पाहिल्यात.

दर महिन्याला आसपासच्या गावांतल्या बाया आठ दिवस शिकायला यायच्या. बायनाबाई आणि मनकर्णा शिकायला आल्या त्या तिथंच कामाला राहिल्या. कुणाचा पहिला ताव फाटला नाही असं झालं नाही. कासाबाई रागवायची नाही. म्हणायची, "फाटला तर पुन्यांदा पाण्यात टाकायचा. कागद हाय, नशीब न्हाई."

व्यंकटराव महिन्यातून एकदा येत, लगद्याच्या वासानं नाकाला रुमाल लावत आणि खुर्ची दारातच मांडायला सांगत.

परभणीच्या प्रदर्शनात आमच्या कागदाचा पहिला नंबर आला. प्रशस्तिपत्र आलं, ते व्यंकटरावांच्या नावाचं. 'स्वहस्ते उत्कृष्ट कागद तयार केल्याबद्दल.' स्वहस्ते म्हणे! ज्या हाताला हौदाचं पाणी कधी शिवलं नाही, तो हात! कासाबाईनं साधेपणानं विचारलं, की बायांची नावं त्यात घालता येतील का. व्यंकटराव हसले आणि बाहेर निघून गेले.

प्रौढांच्या वर्गात कासाबाई, बायनाबाई आणि मनकर्णा या तिघी नुकत्याच अक्षरं गिरवायला लागल्या होत्या. कासाबाईनं पितळेची बारीक तार आणली आणि माझ्या जाळीवर अक्षरं शिवली. कासा, बायना, मनकर्णा. तारेवर लगदा पातळ बसायचा, पण वाळलेल्या कागदावर वरून काहीच दिसायचं नाही. उजेडासमोर धरला की तिघींची नावं पोटातून वर यायची.

व्यंकटरावांचे सगळे अर्ज त्याच कागदावर जात होते. एके दिवशी परभणीच्या कचेरीत एका कारकुनानं तसला अर्ज खिडकीसमोर धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, ही कासा कोण?

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव केंद्राच्या समितीतल्या चौघांना घेऊन गोदामात आले.

"बायकांची नावं कचेरीभर फिरवायची असतात का?" त्यांनी विचारलं.

"कागद आमी काढायलोत मालक," कासाबाई म्हणाली. "मग नाव दुसऱ्याचं कसं?"

व्यंकटरावांनी खिशातला चाकू काढला आणि माझी जाळी उभी चिरली. चौघांपैकी एकानंही हात धरला नाही. उलट एकानं, दमले असतील म्हणून, त्यांना पाणी आणून दिलं.

कासाबाईनं लोंबणाऱ्या काड्या एकदा चाचपल्या. "जाळी तुमी फाडली," ती म्हणाली. "आता तुमीच विणा." ती निघाली आणि तिच्यामागं बायना, मनकर्णा आणि शिकायला आलेल्या मिळून अकराच्या अकरा बाया निघाल्या. ओले ताव तसेच पडून राहिले.

पुढं व्यंकटरावांनी दोन माणसं कामाला ठेवली. माझ्या चौकटीत बसवलेल्या नवीन जाळीवर त्यांचा ताव कुठं जाड, कुठं पातळ निघायचा. वर्षाच्या आत केंद्राला कुलूप लागलं. कासाबाईनं मात्र पाथरीकडं आपल्या गावात, मेंढवाड्याच्या कडेला हौद बांधला. तिथं आता तीस बाया शिकायला येतात, असं मनकर्णा परवा इथल्या राखणदाराला सांगत होती.

मला इथंच गोदामाच्या खिडकीवर खिळ्यांनी ठोकलंय, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. त्याचं मला दुःख नाही. शेजारच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, 'संस्थापक व संचालक : व्यंकटराव'. ते रोज वाचावं लागतं, त्याचा संताप येतो.

बाबांनो, लाकूड हवं असेल तर मला काढून चुलीत घाला. पण आधी ते दार खरवडा.