कनकाचा चेहरा

शनिवारी सकाळी चंद्रिकाने नेहमीप्रमाणे वाटीत हरभऱ्याचं पीठ आणि साय कालवली आणि मुलीला हाक मारली. सातवीतली लावण्या मुकाट्याने येऊन बसली. तंजावरहून पणजोबांच्या काळात मद्रासला आलेल्या या मराठी घरात एखादे दिवशी पूजा चुकली असेल, पण हे पीठ चुकलं नव्हतं. पाचव्या वर्षापासून ते तोंडाला लागत होतं आणि मुलगी होती तेवढीच काळी होती.

"आज नको अम्मा. झोंबतं."

"झोंबू दे, कण्णा. उद्या मुलाकडचे बघायला येतील, तेव्हा झोंबलं का म्हणून कोण विचारणार अहे?"

बारा वर्षांच्या पोरीला उद्याच्या नवऱ्याचा धाक! पण चंद्रिकाला दुष्ट म्हणवत नाही. तिच्या आईनेही तिला हेच चोळलं होतं.

लावण्याचं लक्ष मात्र वहीकडे होतं. दोनशे पानी वहीत तिने चक्क तमिळ कादंबरी लिहिली होती. शब्द तिचे, चित्रं सावनीची. सावनी तिच्या वर्गातली, पुण्याची, गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. वडील संजीव ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनीअर. लावण्याची जुनी मराठी ऐकून ती पहिल्या दिवशी खो खो हसली, दुसऱ्या दिवशी दोघींनी डबा वाटून खाल्ला, आणि मग एकीवाचून दुसरीचं पान हलेना.

कादंबरीची नायिका कनका. काळी मुलगी, वर्गाने छळलेली. शेवटी ती सगळ्या शाळेसमोर म्हणते, "हा माझा चेहरा आहे. मला तो आवडतो." हे वाक्य लावण्याने सात वेळा खोडलं होतं, कारण स्वतःबद्दल ते तिला म्हणता येत नव्हतं. भवानी मिसने वही वाचली आणि स्नेहसंमेलनात तिचं नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा लावण्याला रात्रभर झोप आली नाही. कनकाच्या तोंडून का होईना, एकदा ते सर्वांदेखत म्हणायला मिळणार होतं.

"कनका सावनी करेल," मिस म्हणाली.

"मिस, तिला तमिळ येत नाही."

"म्हणून तर तू आहेस. पडद्यामागे माईक धरून तू बोल, सावनी ओठ हलवेल. आपल्या सिनेमात तरी दुसरं काय करतात? हिरॉइन उत्तरेची, आवाज इथला."

"पण कनका काळी अहे, मिस."

"मग मेकअप कशाला असतो?" मिसने प्रेमाने तिच्या गालाला हात लावला. कुणी रागावलं नाही, कुणी हिणवलं नाही. आपल्याकडे हा अन्याय असाच गोड बोलून होतो.

"मी नाही म्हणून सांगते, शप्पथ," सावनी म्हणाली. ती शपथ दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकली. तिच्या आईने, कल्पनाने, टी. नगरमधून रेशमी परकरसुद्धा आणला होता.

"आवाज तुझाच आहे ना गं? म्हणजे कनका आपण दोघी," सावनी म्हणाली.

घरी चंद्रिकाचंही तेच. "आवाज सर्वांना ऐकू येईल. चेहरा कशाला पाहिजे?" आईच्या तोंडचं हे वाक्य लावण्याला मिसच्या वाक्याहून जास्त लागलं.

संमेलनाच्या दिवशी रंगभूषा करायला रामस्वामी आले. पूर्वी सिनेमाच्या स्टुडिओत काम केलेला माणूस. काळी मुलगी कितपत काळी करायची, असं त्यांनी विचारलं. भवानी मिसने लावण्याला पुढे ओढलं. रामस्वामींनी तिचा हात टेबलावर ठेवला, त्यावर रंगाचं बोट ओढलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडा गडद." साडीला ब्लाउजपीस जुळवावा तसा तिचा हात ते उलटसुलट करत होते. रंग जुळला. मग तो सावनीच्या गोऱ्या गालांवर चढला.

"बघ, आता मी तुझ्यासारखी दिसते!" आरशात बघत सावनी खुदकन हसली. लावण्याला हसू आलं नाही.

नाटक छान रंगलं. पडद्यामागून लावण्या बोलत होती, बाहेर सावनी ओठ हलवत होती आणि लोक कनकासाठी डोळे पुसत होते. शेवटचा प्रवेश आला. सावनीने मान ताठ केली, ओठ हलवले. आवाज आला नाही. तिने पुन्हा ओठ हलवले. कुठेतरी हशा पिकला.

"सोल्लु डी! बोल ना!" पडद्यामागे मिसने लावण्याच्या दंडाला चिमटा काढला.

लावण्याने माईक खाली ठेवला. "हे वाक्य तिचं नव्हे, मिस."

पडदा पडला. मिस वाटेल ते बोलली. चंद्रिका प्रेक्षकांतून धावत आली आणि सगळ्यांदेखत मुलीच्या वतीने माफी मागत सुटली. लावण्याच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही.

मागच्या नळावर सावनी हुंदके देत साबणाने तोंड घासत होती. लावण्या टॉवेल घेऊन गेली. काही झालं तरी मैत्रीण होती. क्षमा मागायची की तिला मागायला लावायची, हे तिचं ठरत नव्हतं. सावनीने ओला चेहरा वर केला.

"गेला का गं सगळा? नीट बघ ना, कानामागे राहिला नाही ना?"

आपल्या हातावर जुळवलेला तो रंग मोरीतून वाहून जाताना लावण्या बघत राहिली.

"गेला," ती म्हणाली.

संमेलनानंतरच्या रविवारी सकाळी चंद्रिकाने पुन्हा पीठ कालवलं. लावण्याने वाटी हातातून घेतली, नळाखाली धुतली आणि पालथी घातली. वाचकहो, तुमच्या घरातली ती वाटी कोण पालथी घालणार?