ससा कुठून दिसतो

जपानमधल्या आझुमाच्या ज्वालामुखी डोंगरावर उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळू लागला, की उरलेल्या बर्फाला सशाचा आकार येतो. तो दिसला की खालच्या गावात पेरणी सुरू. तोमिए जन्मभर त्याच्याकडे बघूनच पेरत आली होती.

यंदा पेरायला जमीनच नव्हती. तिच्या मुलाने, योशिनारीने, ती एका कंपनीला विकली आणि भाताच्या खाचरांवर सोलर पॅनेल उभी राहिली. तेव्हापासून आईने अबोला धरला होता. तो सुटावा म्हणून आज त्याने तिला गाडीत घालून थेट डोंगरावर, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात आणलं.

"आयुष्यभर लांबूनच बघितलास ना गं ससा? आता जवळून बघ."

पायाखाली राखेने मळलेला बर्फ होता. ना कान, ना शेपूट. वाऱ्याला गंधकाची घाण येत होती. तोमिएने नाकाला रुमाल लावला.

योशिनारी मोबाइल धरून मागे सरकला, पुढे आला, वाकला. "आई, फोटोत कान येतच नाहीत. कुठे उभं राहू, सांग की."

"आपल्या खाचराच्या बांधावर," तोमिए म्हणाली. "जा, विचार त्या कंपनीवाल्यांना, उभं राहू देतात का."