पाण्याचं राहून गेलं

निळ्या टी-शर्टच्या पाठीवर ‘पोषण सल्लागार’ अशी ठळक पांढरी अक्षरं होती आणि ती मिळवायला त्याला दोन दिवस लागले होते. दोन दिवसांचं प्रशिक्षण: एक दिवस कुत्र्यांचा, एक दिवस मांजरांचा, दुपारचं जेवण कंपनीकडून. त्याआधी तो त्याच भल्यामोठ्या दुकानात मिक्सर विकायचा. मिक्सरच्या भांड्यांबद्दल जितक्या छातीठोकपणे बोलायचा, तितक्याच छातीठोकपणे आता तो मांजरांच्या मूत्रपिंडांबद्दल बोलू लागला. बायको त्याला घरात ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायची. तो वरवर चिडायचा, पण आतून त्याला ते आवडायचं, हे तिला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी मांजरांचं खाणं म्हणजे साबणाच्या पावडरीशेजारची एक फळी होती. आता अख्खी भिंत होती. देशात मांजरं वाढली होती की मांजरांवर जीव टाकणारी माणसं, देव जाणे, पण मुख्य कचेरीतून दर महिन्याला पत्रक यायचं की बाजार वाढतोय, आपणही वाढलं पाहिजे. घरातच राहणाऱ्या मांजरांसाठी वेगळं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं, लठ्ठांसाठी वेगळं, नखरेल मांजरांसाठी आणखी वेगळं. माणसं त्या भिंतीसमोर परीक्षेला बसल्यासारखी उभी राहायची. मग हा हळूच जवळ जाऊन विचारायचा, ‘‘केवढं आहे हो तुमचं मांजर?’’ तेवढं विचारलं की गिऱ्हाईक त्याचं.

पुढचं त्याला तोंडपाठ होतं. पिशवीवरच्या यादीत मांस पहिलं आहे का बघा. कोरड्या दाण्यांनी दात साफ राहतात. सोबतच्या कपानं मोजून सकाळ-संध्याकाळ द्या, अंदाजानं नको. आणि एकदम बदलू नका, जुन्यात मिसळत मिसळत आठवडाभरात बदला. चार मुद्दे, चार बोटं.

शिकवताना मुद्दे पाच होते. पाचवा पाण्याचा. शिकवणाऱ्या बाईंनी तो दोनदा सांगितला होता. बोका असेल, त्यात नसबंदी झालेला, आणि नुसतं कोरडं खाणार असेल, तर घरात जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगा, रोज थोडं ओलं खाणंही द्यायला सांगा. नाहीतर लघवी तुंबते, आणि एकदा तुंबली की दोन दिवसांत खेळ संपतो. सुरुवातीला तो हे इमानदारीत सांगायचा. ऐकलं की लोकांचे चेहरे पडायचे आणि हातातली मोठी पिशवी परत भिंतीवर जायची. एकदा विभागप्रमुखांनी त्याला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, ‘‘आपण खाणं विकतो, भीती नाही.’’ सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तसं म्हणायची गरजच पडली नाही. पाचवं बोट आपोआप मिटलं.

औषधवाले काका दुकानात आले तेव्हा ते बोट मिटून दीड वर्ष झालं होतं.

काकांचं औषधांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते एकट्यानं चालवलं आणि त्यांची एक खोड सगळ्या वस्तीला माहीत होती. बाटली हातात देताना कधी, किती, कशाबरोबर हे सगळं सांगायचे आणि मग म्हणायचे, ‘‘आता तुम्ही सांगा.’’ गिऱ्हाइकानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय बाटली सुटायची नाही. भलेभले तिथे शाळेतल्या पोरासारखे धडा म्हणायचे. सल्लागाराची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा त्यानंही म्हटला होता. आईच्या सात गोळ्यांत एकदाही गडबड झाली नाही, ती काकांमुळे.

आता दुकान बंद झालं होतं, काकू गेल्या होत्या, आणि काका एका बोक्याबरोबर राहत होते. घरात आलेली प्रत्येक पिशवी हुंगून बघायची त्याला सवय, म्हणून त्याचं नाव तपासनीस. काकांनी त्याची माहिती चिठ्ठीवर लिहून आणली होती. वय सहा, वजन पाच किलो, नसबंदी झालेली.

सल्लागारानं चार मुद्दे सांगितले. काकांनी सवयीनं ते चारही परत म्हणून दाखवले, एकेक बोट दुमडत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘अजून काही?’’

मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. एकीची ढकलगाडी काकांच्या टाचेला लागत होती. काकांच्या हातात सगळ्यात मोठी पिशवी होती.

‘‘नाही काका, एवढंच,’’ तो म्हणाला.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारच्या संध्याकाळी, काका परत आले. पिशवी घ्यायला आले असतील म्हणून तो हसत पुढे झाला. काकांची दाढी वाढलेली होती.

‘‘तुझी माफी मागायला आलोय,’’ काका म्हणाले.

रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या.

‘‘तपासनीस गेला. लघवी तुंबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं कोरडं दिलंत, पाण्याचं कुणी सांगितलं नाही का? रागाच्या भरात मी मुलीला म्हटलं, दुकानातल्या माणसानंच सांगितलं नाही. नाही नाही ते बोललो तुझ्याबद्दल. मग रात्रभर विचार केला. तू न सांगता कसा राहशील? तुझं कामच ते. सांगितलं असणारच. माझंच डोकं गेलं.’’ ते बोटं दुमडू लागले. ‘‘यादीत मांस पहिलं, हे आठवतंय. दात, आठवतंय. कप, आठवतोय. आठवडाभर मिसळायचं, तेही. आणि ज्यावर त्याचा जीव अवलंबून होता, नेमकं तेच पुसलं गेलं बघ.’’

चारही बोटं बरोबर होती. या माणसाच्या डोक्यातून एक कण सांडला नव्हता आणि ते फक्त सल्लागाराला माहीत होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. विभागप्रमुख पलीकडच्या फळीपाशी उभे होते. रांगेतले लोक ऐकत होते.

‘‘होतं हो काका,’’ तो म्हणाला, ‘‘या वयात.’’

काकांनी मान हलवली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गेले.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, पेशंट दगावला की काय?’’ ती चेष्टेत म्हणाली होती, पण हा ताटावरून उठून गेला. मग तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं बोका गेल्याचं आणि पाण्याचं न सांगितल्याचं सांगितलं. माफीचं सांगितलं नाही. बायको म्हणाली, ‘‘अहो, माणसाच्या हातून होतात चुका.’’ त्या वाक्यानं त्याला क्षणभर बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटली. चूक म्हणजे पाणी विसरणं. तो विसरला नव्हता. आणि ‘या वयात’ हे दोन शब्द तर कुणी त्याच्या तोंडात कोंबले नव्हते.

दोन आठवडे तो स्वतःची समजूत घालत राहिला. मांजर काही परत येणार नाही. काका आता सावरले असतील. म्हातारी माणसं विसरतातच, आज नाही तर उद्या विसरली असती. असली तकलादू कारणं तो टी-शर्टाला इस्त्री करताना रोज नव्यानं शोधायचा आणि दुकानात पोचेपर्यंत ती विरून जायची.

मग काकांची मुलगी दुकानात आली. रिकामी खोकी आहेत का, विचारत होती.

‘‘बाबांना माझ्याकडे नेतेय, शनिवारी,’’ ती म्हणाली. ‘‘घर विकायचं ठरलंय. नको म्हणत होते इतकी वर्षं, आता स्वतःच म्हणाले. गॅसवर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी. कुलूप चारचारदा ओढून बघतात. डॉक्टर म्हणाले, तपासण्या चांगल्या आहेत, वयाच्या मानानं उत्तम आहेत. पण यांचं एकच. म्हणतात, विसरून एक जीव घेतला मी, उद्या गॅस विसरेन आणि अख्खी इमारत जाळेन.’’ तिनं खोकी काखेत मारली. ‘‘तुम्ही त्यांना एका शब्दानं बोलला नाहीत, उलट समजूत घातलीत. उपकार झाले तुमचे.’’

त्यानं तिला आणखी दोन खोकी आणून दिली.

मंगळवारी त्याची सुट्टी असायची. मंगळवारी सकाळी तो काकांच्या दारात उभा राहिला. मुलगीच दार उघडायला आली. आत भिंतीलगत खोकी रचलेली होती, काकूंची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. काका खुर्चीत बसले होते, पुढ्यात एक वही होती. पाहुण्याला बघून ते उठायला लागले.

‘‘बसा काका,’’ तो म्हणाला आणि स्वतः उभाच राहिला. बसलो तर बोलणार नाही, अशी त्याला भीती होती. ‘‘मी तुम्हाला पाण्याचं सांगितलंच नव्हतं.’’

काका हसले. इतकं मायेनं हसले की त्याला पळून जावंसं वाटलं.

‘‘अरे, म्हातारा घर सोडून चाललाय म्हणून आलास होय? कशाला स्वतःवर घेतोस? ऐकलंस का ग, बघ, अजून आहेत अशी माणसं.’’

‘‘नाही काका. खरंच नव्हतं सांगितलं. मी कुणालाच सांगत नाही.’’

‘‘बस कर,’’ काका म्हणाले. ‘‘मला माझं कळतंय.’’

आता काय करावं? खरं बोलायला दोन आठवडे उशीर झाला की ते खरं वाटत नाही, दयेपोटी बोलल्यासारखं वाटतं. त्यानं मुलीकडे पाहिलं, तिचाही विश्वास बसलेला दिसत नव्हता. मग तो दुकानात उभा राहायचा तसा, पाठ ताठ करून उभा राहिला आणि पहिल्यापासून म्हणू लागला. यादीत मांस पहिलं आहे का बघा. कोरड्या दाण्यांनी दात साफ राहतात. कपानं मोजून, अंदाजानं नको. एकदम बदलू नका, जुन्यात मिसळत मिसळत बदला. तेच शब्द, तोच सूर, ‘अंदाजानं नको’वर तोच जोर. रोज पंचवीस वेळा म्हटलेलं होतं ते, बदलायचं म्हटलं असतं तरी बदललं नसतं.

काकांनी डोळे मिटून घेतले होते. मांडीवर त्यांची बोटं एकेक करून दुमडत होती. चौथं दुमडलं आणि तो थांबला. काकांचं पाचवं बोट तसंच उभं होतं.

‘‘अजून काही?’’ काकांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘नाही काका,’’ तो म्हणाला, ‘‘एवढंच.’’

काकांनी डोळे उघडले. त्यांची नजर त्या बोटावर गेली.

‘‘विचारलं होतं मी,’’ ते हळूच म्हणाले. मग मुलीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, ‘‘अग, विचारलं होतं मी! अजून काही म्हणून विचारलं होतं!’’ त्यांनी पुढ्यातली वही मिटली आणि चेहरा दोन्ही हातांत धरून बसले. मुलगी धावत त्यांच्याजवळ गेली, खाली बसली आणि तिथूनच तिनं सल्लागाराकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

काही वेळानं काकांनी डोळे पुसले. ‘‘ही खोकी सोड,’’ ते मुलीला म्हणाले. ‘‘कुठे जात नाही मी.’’

सल्लागाराला वाटलं, आता आपण जावं. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटू लागलं होतं. त्यानं चपलेत पाय सरकवला.

‘‘थांब,’’ काका म्हणाले. आवाज आता दुकानातला होता, काउंटरमागचा. ‘‘पाण्याचं सांगितलं नाहीस, ते मी समजू शकतो. मीही धंदा केलाय. मागे रांग असते, वर साहेब असतो. एकदा माझ्या हातूनही चुकीची बाटली गेली होती. पण मी तुझ्यासमोर येऊन माफी मागितली, ती तू ठेवून घेतलीस. ती तुझी नव्हती.’’

‘‘चुकलो काका,’’ तो म्हणाला. ‘‘पाया पडतो तुमच्या.’’

‘‘इथे नको.’’ काकांनी पाय मागे घेतले. ‘‘इथे कोण आहे बघायला? मी चारचौघांत मागितली होती. तुमच्या त्या भिंतीसमोर, तुझ्या साहेबाच्या देखत. मला ती तिथेच परत हवी. आणि परत देताना पाण्याचंही सांगायचं, मोठ्यानं, जितके असतील तितक्यांना. मी येतो. कधी येऊ?’’

विभागप्रमुखांचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. मिक्सरच्या विभागात आता दुसरा माणूस होता, परत जायलाही जागा नव्हती. दुपारी तीनला या म्हणावं, तेव्हा दुकानात चिटपाखरू नसतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. काका त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.

‘‘रविवारी या,’’ तो म्हणाला. ‘‘अकरा वाजता. तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते.’’