विहिरीजवळचा कोपरा

म्हाताऱ्याला शेत कसं पिठासारखं मऊ लागायचं. रस्त्याने जाणारा थांबून "वा" म्हणाला की स्वारी फुगलीच. म्हातारीला त्या हौसेची किळस यायची. मसुरीला एवढं उकरायची गरज नव्हती. पण याने रोटाव्हेटर फिरवला, पुन्हा फिरवला, आणि जमिनीच्या पोटात निजलेलं तणाचं बी जागं झालं. मसुरीसारखाच पाला, तेवढाच दाणा. मसूर बिचारी बुटकी. तणाने तिचा गळा धरला. मग म्हाताऱ्याने औषध मारलं. दोन्ही एकाच घराण्यातली, तणाबरोबर पीकही करपलं.

"आता उरलेलं तण उपटू," तो म्हणाला.

"तहान लागली की विहीर खणायची. जुनी खोड."

विहिरीजवळच्या कोपऱ्यात दगडांमुळे यंत्र वळलं नव्हतं. तिथे तिने न नांगरताच मसूर टोकली आणि स्वतः बसून खुरपली. तेवढीच निर्मळ निघाली. लेकीने यंदा पहिल्यांदाच स्वतःचं रान घेतलं होतं. तिला पेरायला हेच बी द्यायचं, म्हणून म्हातारीने ते एका पिशवीत वेगळं ठेवलं.

लेक आली. म्हातारीने पिशवी काढली तर ती गळ्यापर्यंत भरलेली.

"एवढं कुठून आलं?"

"मीच घातलं, खळ्यावरच्या ढिगातलं," म्हातारा खुशीत म्हणाला. "पोरीला काय मूठभर द्यायचं? लोक हसतील."

म्हातारीने मूठ भरून पाहिली. चपट्या मसुरीत तणाचे गोल, काळसर दाणे गोचिडांसारखे बसले होते. तिने मूठ लेकीपुढे धरली.

"चाळून घेईन मी, आई."

"चाळणीतून दोन्ही बरोबरच पडतात, बाई. एकदा रानात शिरलं की तू म्हातारी होशील, ते होणार नाही."

"मी निवडून देतो ना," म्हातारा म्हणाला.

"तुम्हाला ताटातली माशी दिसत नाही."

"मग गुरांना तरी घाल."

"म्हणजे शेणखतातून परत रानात."

तिने पिशवी चुलीत रिकामी केली. दाणे तडतडले. म्हातारा उठून बाहेर गेला. लेकीचे डोळे भरले. रिकाम्या पिशवीची ती नुसतीच घडी घालत राहिली.

"पुढच्या साली ये," म्हातारी म्हणाली. "यंदा दुसरं काही पेर."

लेक गेल्यावर ती विहिरीकडे गेली आणि दगड एकेक करून शेतात पुढे सरकवू लागली.

"यंत्र वळायचं कसं मग?" म्हाताऱ्याने बांधावरून विचारलं.

तिने पुढचा दगड उचलला.